आगाऊ ठिणगी

ॲम्बेसिडरचं टायमिंग, म्हणजे प्लगची ठिणगी नेमकी कधी पडायची ते, बसवायला तीन गोष्टी लागतात: 12 व्होल्टचा बल्ब, फिलर गेज (फट मोजायच्या पात्या) आणि बहिरे कान. पहिल्या दोन कोल्हापूरच्या उद्यमनगरात मिळतात. बॉनेट उघडलं की दोन मिनिटांत चौघं जमतात आणि त्यातला एक हमखास म्हणतो, "काका, कंडेन्सर गेलाय बघा."

पॉइंट म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधले (ठिणगी प्लगांना वाटणाऱ्या डब्यातले) संपर्क: ते उघडले की प्लगवर ठिणगी पडते, आणि त्यांना जळण्यापासून वाचवतो तो कंडेन्सर. कंडेन्सर गेला असता तर पॉइंट काळे पडून जळाले असते. ते तसे नसतील, तर मला आधी संशय येतो गॅपचा, म्हणजे पॉइंटमधल्या फटीचा. कॅमवर घासणारी पॉइंटची टाच झिजते, गॅप कमी होतो, पॉइंट उशिरा उघडतात आणि ठिणगी मागं पडते. म्हणून आधी गॅप, मग टायमिंग. 0.015 इंचाची पाती ओढताना किंचित धरली पाहिजे, बस्स. उलट्या क्रमानं गेलात तर सगळं पुन्हा पहिल्यापासून, आणि प्रेक्षक तेच.

मग चारही प्लग काढायचे, पहिल्याच्या भोकावर अंगठा दाबायचा, टॉप गिअर टाकायचा आणि त्या चौघांना ढकलायला लावायचं. सल्ल्याची किंमत इथं वसूल होते. अंगठा फुस्सकन उडाला की तो कॉम्प्रेशन स्ट्रोक, पिस्टन हवा दाबत वर येतो तो. हे न बघता नुसती पुलीची खाच जुळवली तर निम्म्या वेळा भलताच स्ट्रोक सापडतो, कारण क्रँकच्या (इंजिनच्या मुख्य दांड्याच्या) दोन फेऱ्यांत डिस्ट्रिब्युटरची एकच होते. मग कार्ब्युरेटरमधून असे बार निघतात की मंगळवार पेठेत अवेळी दिवाळी.

टायमिंग कव्हरवर काटे असतात: लांब काटा टीडीसीचा, म्हणजे पिस्टन अगदी वर असतो तिथला, बाकीचे 5 आणि 10 अंश आधीचे. जुन्या इंजिनात ते खालच्या बाजूला. ज्यानं ते तिथं बसवले त्याला पोट नसावं. पुलीची खाच हव्या त्या काट्यावर आणायची; पुढं गेली तर तेवढीच मागं घ्यायची नाही. चांगलं मागं जाऊन पुन्हा पुढं यायचं, नाहीतर चेनचा ढिलेपणा हिशेबात शिरतो.

आता बल्ब. एक वायर डिस्ट्रिब्युटरच्या सीबी टर्मिनलला (पॉइंटची वायर येते तिथं), दुसरी बॉडीला, इग्निशन चालू. क्लँप सैल करून डिस्ट्रिब्युटर आधी आतला रोटर फिरतो त्या दिशेनं फिरवायचा, बल्ब विझेपर्यंत. मग उलट, अगदी मुंगीच्या पावलानं. पेटला त्या क्षणी थांबायचं. पॉइंट तिथं उघडले. डिस्ट्रिब्युटर 1 अंश हलला की क्रँकचे 2 अंश जातात, त्यामुळे श्वाससुद्धा बेतानं. आणि इतकं जमल्यावर क्लँपचा बोल्ट आवळताना ते सगळं केसभर सरकतं. बोल्ट आवळून बल्ब पुन्हा तपासायचा. हे न करणाऱ्यांचं टायमिंग बोल्ट ठरवतो.

ठिणगी उशिरा पडली तर इंजिन तापतं, ओढत नाही. लवकर पडली तर ती आगाऊ, आणि आगाऊ माणसासारखीच वागते: चढणीवर टकटक करते आणि इंजिन सुरू करायला हँडल मारताना उलटा झटका देते. म्हणून हँडल धरताना अंगठा चार बोटांच्याच बाजूला ठेवायचा. विळखा घातला तर मनगट गेलंच.

शेवटची परीक्षा जोतिबाच्या चढणीवर. टॉप गिअर, ॲक्सिलरेटर दाबलेला. टकटक आली तर अर्धा-एक अंश मागं घेऊन पुन्हा वर. नाही आली तर खाली येऊन बॉनेट लावायचं. चौघांतला तो तिथंच उभा असतो. "बघा," तो म्हणतो, "कंडेन्सरच होता की नाही?"