‘तिशीनंतर यांचं काय?’

अमेरिकन फुटबॉलच्या चिअरलीडरांबद्दल एक मजकूर सध्या गटागटांत फिरतोय. सार असं: मैदानाच्या कडेला नाचून बक्कळ कमवायचं, जमल्यास एखादा खेळाडू गटवायचा, तिशीनंतर त्यांना कुत्रंही विचारत नाही, कारण डोकं कधी वापरलेलंच नसतं.

आधी बक्कळ कमाई बघू. २०१४च्या जानेवारीत ओकलंड रेडर्सच्या एका चिअरलीडरने संघावर खटला भरला, तेव्हा तिचा करार चव्हाट्यावर आला. दहा सामन्यांच्या अख्ख्या हंगामाचे १,२५० डॉलर, तेही हंगाम संपल्यावर एकरकमी. सरावाचे तास फुकट, केस आणि मेकअपचा खर्च पदरचा. हिशेब केला तर तासाला पाच डॉलरही पडत नव्हते. त्याच वर्षी बफेलोच्या संघाच्या चिअरलीडर कोर्टात गेल्या. त्यांना तर सामन्याचा छदामही मिळत नव्हता. हे अब्जावधींची उलाढाल असलेल्या एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये, बरं का! दावे झाल्यावर बऱ्याच संघांनी पैसे मोजून तडजोडी केल्या.

खेळाडू गटवण्याचं म्हणाल, तर संघांचे नियम नेमके उलटे. न्यू ऑर्लिन्स सेंट्सने काढून टाकलेल्या एकीच्या २०१८च्या तक्रारीनुसार, ती हॉटेलात जेवत असताना संघातला खेळाडू आत आला, तर उठून जायचं तिनेच.

आता तिशी. एवढ्या पैशात घर चालत नाही, म्हणून हे काम मुळातच जोडकाम. दिवसा कुणी शाळेत शिकवते, कुणी नर्स असते, कुणी अजून कॉलेजात, संध्याकाळी सराव. त्यामुळे नाच थांबला की करिअर संपलं, असं होत नाही; करिअर शेजारी चालूच असतं. आपल्याकडे त्या दिसल्या त्या २००८च्या पहिल्या आयपीएलमध्ये, बंगळुरूसाठी थेट वॉशिंग्टनहून आणलेल्या. आपण तेवढीच संध्याकाळ पाहिली.

प्रतिवाद म्हणून टेरी हॅचर या एकेकाळी चिअरलीडर असलेल्या प्रसिद्ध अभिनेत्रीचं नाव फेकणारेही मला पटत नाहीत. लाखात एखादी तारका होते, त्याने बाकीच्यांचं काही सिद्ध होत नाही. त्यापेक्षा फिलिस स्मिथ बघा. सेंट लुइसच्या फुटबॉल संघाची चिअरलीडर. गुडघ्याच्या दुखापतीने नाच सुटला. मग कितीतरी वर्षं कलाकार निवडण्याच्या विभागात पडद्यामागची नोकरी. ‘द ऑफिस’ या टीव्ही मालिकेसाठी चाचण्या घेताना समोरच्याला संवाद वाचून दाखवायची, आणि दिग्दर्शकाने तिलाच भूमिका दिली. तेव्हा तिची पन्नाशी उलटली होती. केली फिनग्लास १९८०च्या दशकात डॅलस काउबॉइज संघासाठी नाचली आणि १९९१पासून तेच पथक चालवतेय.

राहिला डोक्याचा मुद्दा. व्यावसायिक संघांच्या चिअरलीडरांना कर्मचारी मानून किमान वेतन द्यायलाच हवं, असा कायदा कॅलिफोर्नियाने २०१५मध्ये केला. तो विधिमंडळात मांडणाऱ्या लोरेना गोन्झालेझ स्वतः स्टॅनफर्ड विद्यापीठात चिअरलीडर होत्या.