ट्रॅक आहे हो, पण चढायचं कुठून?

लाल रंग फासला, त्यावर पांढऱ्या सायकली काढल्या, की झाला सायकल ट्रॅक! पुण्याचा सायकल आराखडा २०१७ साली मंजूर झाला, पण गल्लीतून ट्रॅकवर चढायची वाट अजून शोधावीच लागते.

कर्बचा, म्हणजे रस्त्याच्या कडेचा दगड साधारण १५ सेंटिमीटर उंच. त्यावर चढायला एकास बारा उतार (एक वर, तर बारा पुढे) धरला तर लांबी १.८ मीटर. जागा असेल तर एकास वीस, म्हणजे ३ मीटर. करतात काय? कर्बला टेकवून रस्त्याच्या कडेला, नेमकं पाणी वाहतं तिथं, दोन घमेली काँक्रीट ओततात. चढ जिन्यासारखा उभा. पाणी अडतं, तुंबतं, पहिल्याच पावसाळ्यात काँक्रीट उखडतं आणि उरलेल्या ढेकळावर पोरांच्या सायकलीचं पेडल आपटतं. अरे, कर्बच खाली बसवा! उतार ट्रॅकच्या बाजूला आत घ्या आणि डांबराशी सांधा सपाट ठेवा. तिरकं आलेलं चाक दोन सेंटिमीटरच्या कडेवरूनही घसरतं.

मग ट्रॅकच्या तोंडाशी ते खांब. दुचाक्या घुसू नयेत म्हणून म्हणे एकमेकांपासून ७० सेंटिमीटरवर रोवतात. सायकलचं हँडल ६०-७० सेंटिमीटर रुंद, स्कूटरचंही जवळपास तेवढंच. स्कूटरवाला हँडल तिरकं करून निघून जातो. अडकते ती व्हीलचेअर आणि भाजीवाल्याची तीनचाकी. मधे मोकळे १.२ मीटर सोडा. १.३ मीटर रुंद रिक्षा आपोआप बाहेर राहते, मोटार तर राहतेच. स्कूटरला दंडाची पावती हवी, खांब नव्हे. आणि खांब उताराच्या मधोमध रोवणाऱ्याला एकदा अंधारात त्याच उतारावरून सायकल चालवायला लावा.

गटाराच्या जाळीच्या पट्ट्या चाकाच्या दिशेनं बसवल्या की बारीक टायर थेट आत. चौकोनी जाळी उचलून ९० अंशांत फिरवायची, बस्स. दोन माणसं, एक पहार. त्यालाही म्हणे निविदा लागते!

सोसायट्याही कमी नाहीत. ट्रॅक मागच्या भिंतीला खेटून, फाटक पुढच्या हमरस्त्यावर. मागं १.२ मीटरचं छोटं फाटक ठेवा म्हटलं, की कमिटीला चोर आठवतात. चोर पुढच्या फाटकातून येत नाहीत का? सकाळी ५ ते रात्री १० उघडं ठेवा, वर एक दिवा लावा.

आणि कृपा करून ‘सायकलस्वारांनी उतरून चालावे’ ही पाटी काढा. तो पैसा कर्ब खाली बसवायला लावा.