ऐतिहासिक स्टेडियम वाचवायचंय? मग आधी कर्जाची फाईल तयार ठेवा

तर मंडळी, तुमच्या युनिव्हर्सिटीचं म्हातारं झालेलं फुटबॉल स्टेडियम (आपलं पायाने खेळायचं नाही, अमेरिकेतलं, हेल्मेट घालून एकमेकांवर आदळायचं) जतन करायची हुक्की आलीच असेल तर उगाच दहा जणांना विचारत बसू नका, सरळ कॅलिफोर्नियातल्या बर्कली युनिव्हर्सिटीचा कित्ता गिरवा.

आधी जागा. सपाट, भक्कम जमिनीकडे ढुंकून बघायचं नाही. बर्कलीवाल्यांनी 1923 ला पहिल्या महायुद्धात गेलेल्यांच्या स्मरणार्थ मेमोरियल स्टेडियम बांधलं ते थेट हेवर्ड फॉल्टवर, म्हणजे जमिनीतली भेग एका गोलपोस्टकडून निघून मैदानाखालून दुसऱ्या गोलपोस्टकडे जाते. 1868 ला याच फॉल्टने मोठा भूकंप करून दाखवला होता, पण दरीतून व्ह्यू काय भारी दिसतो, विषय संपला. मग दरवर्षी चार-पाच मिलिमीटर सरकत सरकत स्टेडियमचे दोन अर्धे एकमेकांना टाटा करायला लागले, वर कडेला भेगा पडल्या, तरी गडबड नको, ऐंशीएक वर्षं निवांत मॅच बघायच्या.

मग 2006 मध्ये ऐतिहासिक वास्तूंच्या राष्ट्रीय यादीत नाव घालून घ्यायचं, आणि त्याच वर्षी शेजारची ओकची झाडं तोडून खेळाडूंसाठी ट्रेनिंग सेंटर काढायचं ठरवायचं. आंदोलक झाडावर चढून बसतील. बसू द्या, बर्कलीत डिसेंबर 2006 ते सप्टेंबर 2008 बसले होते. तेवढ्यात महापालिका आणि शेजारचे लोक कोर्टात गेलेलेच असतात. शेवटी झाडं जातातच, फक्त वकिलांचं भलं होऊन.

आता प्रत्यक्ष जतन. बाहेरची जुनी भिंत म्हणजे देव, तिला धक्का नाही, आतलं मात्र पाडून नवं करायचं, तरी म्हणायचं जतनच. इथे टोमणा बाजूला ठेवून सांगतो, इंजिनियर लोकांनी खरंच कमाल केलीय. फॉल्टवरचे प्रेक्षागाराचे तुकडे बाकीच्यापासून सुटे केले, खाली वाळू आणि प्लॅस्टिकचे थर घातले, म्हणजे जमीन सहा फूट आडवी आणि दोन फूट उभी सरकली तरी तो तुकडा अख्खाच्या अख्खा हलेल, कोसळणार नाही. वाईट एवढंच की ही कमाल बघायला खरा भूकंप यावा लागतो.

बिल 32 कोटी 10 लाख डॉलर. घाबरू नका हो, भारीतल्या सीटा 40-50 वर्षांसाठी विकायच्या, एकेक 40 हजारांपासून सव्वादोन लाख डॉलरपर्यंत, आणि एक्सेलमध्ये सगळ्या विकल्या गेल्या असं धरून टाकायचं. मधेच 2008 ची मंदी आली आणि गिऱ्हाईक रोडावलं तर तो एक्सेलचा दोष नाही. उरलेल्यासाठी कर्ज, आणि त्यातल्या काही रोख्यांची मुदत 2113 पर्यंत, म्हणजे फेडणाऱ्यांचे आजोबासुद्धा अजून जन्माला यायचेत. बिचाऱ्यांना 2012 ला नव्या स्टेडियममधली पहिलीच मॅच नेवाडाकडून हरलेली कुणी सांगू नका.

तरी पैसे कमी पडले तर मैदानाचं नाव विका. युद्धात गेलेल्यांचं स्मारक आहे वगैरे भावनिक व्हायचं नाही, स्टेडियमचं नाव तेच ठेवून फक्त गवताचं विकायचं. 2013 ला मोबाईल गेमवाली कंपनी कबाम आली, काही वर्षांत गेली. मग 2021 ला एफटीएक्स नावाचं क्रिप्टो एक्सचेंज, दहा वर्षांचे 1 कोटी 75 लाख डॉलर, तेही क्रिप्टोत! नोव्हेंबर 2022 ला त्यांचं दिवाळं. दूरदृष्टी म्हणतात ती हीच.

आणि तुम्ही साधे प्रेक्षक असाल, तर सीटच्या भानगडीत पडूच नका. स्टेडियमच्या वरच्या अंगाला टाइटवॉड हिल आहे, तिथे फुकटात मॅच दिसते, आपल्या टीमने टचडाऊन (त्यांचा गोलच समजा) केलं की तोफही तिथूनच उडते. फक्त ओळखीचा एखादा वकील असू द्या, कारण नव्या बांधकामाने आमचा व्ह्यू अडेल म्हणून त्या फुकट्यांनीसुद्धा केस ठोकली होती.