'स्पष्टवक्ता' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर: होस्ट्स फाइल, डीएनएस आणि थोडं बोलण्याच्या पद्धतीबद्दल

ओरॅकल किंवा कुठलंही ईआरपी (कंपनीचे हिशेब, साठा, विक्री एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर) बसवायच्या आधी सर्व्हरचं नेटवर्क कसं तयार ठेवायचं यावर मागच्या आठवड्यात लिहिलं होतं, त्याखाली 'स्पष्टवक्ता' या नावाने एक प्रतिक्रिया आलीय. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी जशीच्या तशी देतो:

"लेख वाचून हसू आलं. डीएनएस असताना होस्ट्स फाइलमध्ये हाताने नाव लिहायला सांगणं म्हणजे नव्वद सालचा सल्ला, एनएसलुकअप करून बघा, ती ओळ नसतानाही नाव सापडतं. स्टॅटिक आयपी पण आता सर्व्हरवर कोणी टाकत नाही, राउटरवर डीएचसीपी रिझर्व्हेशन करतात. मशीनचं नाव १३ अक्षरांत ठेवा हा शोध कुठून लावला, लिनक्सला ६४ चालतात. फायरवॉलवर जेमतेम दोन ओळी आणि क्लाउडचा तर पत्ताच नाही. अर्धवट माहितीवर लेख लिहून नवीन मुलांची दिशाभूल करू नये ही विनंती."

खालीच उत्तर द्यायला घेतलं होतं पण लांबत गेलं, म्हणून वेगळं टाकतोय. नवीन वाचकांसाठी: होस्ट्स फाइल म्हणजे मशीनवरच ठेवलेली नावं आणि आयपी (मशीनचा नेटवर्कवरचा पत्ता) यांची यादी, डीएनएस म्हणजे नावावरून आयपी शोधून देणारी नेटवर्कवरची सेवा, एनएसलुकअप ही नाव शोधून बघायची कमांड, स्टॅटिक आयपी म्हणजे मशीनवरच कायमचा लिहिलेला पत्ता, आणि डीएचसीपी रिझर्व्हेशन म्हणजे राउटरने एका मशीनला दरवेळी तोच आयपी देणं.

पहिलं म्हणजे 'हसू आलं' ने सुरुवात, 'विनंती' ने शेवट आणि मधे सगळे टोमणे, याला स्पष्ट बोलणं म्हणत नाहीत. चूक दाखवा ना, हरकत कोणाची आहे, याच ब्लॉगवर लोकांनी चुका दाखवल्यात आणि मी लेख दुरुस्त करून खाली त्यांचे आभार मानलेत. पण 'अर्धवट माहिती' आणि 'दिशाभूल' हे शब्द वापरायचे असतील तर निदान समोरचा काय लिहितोय ते शेवटपर्यंत वाचायचे तरी कष्ट घ्यावेत. मी या धंद्यात आलो तेव्हा सर्व्हरवर नॉव्हेल नेटवेअर ही सिस्टिम होती, कोॲक्स केबलच्या दोन्ही टोकांना ५० ओहमचे टर्मिनेटर लावावे लागायचे आणि एक जरी कोणी साफसफाई करताना काढला की अख्खं ऑफिस बंद. तेव्हापासून भोसरी, चाकण, रांजणगाव इकडच्या कारखान्यांमध्ये सर्व्हर लावतोय. हे मोठेपणा म्हणून सांगत नाही, पण 'नव्वद सालचा' म्हणून कोणी हिणवलं तर सांगावं लागतं, कारण नव्वदच्या दशकात मी खरंच काम करत होतो. आपण तेव्हा काय करत होतात ते मी विचारत नाही.

आणि टोमणा मारायचा तर तारीख तरी नीट मारा. होस्ट्स फाइल नव्वदची नाही, त्याच्या कितीतरी आधीची आहे. आर्पानेटच्या (इंटरनेटच्या आधीचं अमेरिकेतलं नेटवर्क) काळात सगळ्या मशीनची नावं एकाच होस्ट्स डॉट टीएक्सटी फाइलमध्ये असायची, ती स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये सांभाळली जायची आणि बाकीचे तिथून उतरवून घ्यायचे. ते झेपेना म्हणून १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएस मांडलं. म्हणजे तुमचं 'आधुनिक' डीएनएससुद्धा १९८३ चंच. जुनं म्हणून टाकायचं ठरवलं तर दोन्ही टाकावी लागतील.

आता मुद्द्यावर येतो. 'डीएनएस असताना' असं तुम्ही म्हणताय. कुठे असताना? पन्नास-साठ माणसांच्या कारखान्यात इंटरनेटवाल्याने दिलेला राउटर असतो, तोच डीएनएस म्हणून लावलेला असतो आणि तो प्रश्न पुढे इंटरनेटवाल्याकडे ढकलतो. त्या बिचाऱ्याला तुमच्या आतल्या ईआरपीडीबी नावाच्या मशीनची खबर कुठून असणार? जिथे ॲक्टिव्ह डिरेक्टरी (मायक्रोसॉफ्टची युजर आणि मशीन सांभाळणारी यंत्रणा) आहे तिथे स्वतःचं डीएनएस असतं हे मान्य, पण तिथेही कोणीतरी हुशारी करून दुसऱ्या नंबरला ८.८.८.८ (गूगलचं बाहेरचं डीएनएस) टाकून ठेवलेलं असतं 'नेट चालावं म्हणून', आणि मग कधी नाव सापडतं कधी सापडत नाही, आणि सगळे ईआरपीला शिव्या देत बसतात.

तुमच्या एनएसलुकअपबद्दल. अहो, एनएसलुकअप होस्ट्स फाइल वाचतच नाही, ते थेट डीएनएसला विचारतं. त्याने नाव दाखवलं म्हणजे ओरॅकललाही ते दिसेल असं नाही आणि त्याने नाही दाखवलं म्हणजे ओरॅकलला दिसणार नाही असंही नाही. ॲप्लिकेशन नाव शोधतं ते सिस्टिमच्या रिझॉल्व्हरकडून (नाव शोधून देणारा भाग), तो आधी एनएसस्विच डॉट कॉन्फ ही फाइल बघतो, तिथे साधारणपणे आधी 'फाइल्स' आणि मग 'डीएनएस' लिहिलेलं असतं, म्हणजे पहिल्यांदा होस्ट्स फाइलच बघितली जाते. तपासायचं तर 'गेटएंट होस्ट्स' आणि पुढे मशीनचं नाव देऊन तपासायचं, ते ॲप्लिकेशन जातं त्याच रस्त्याने जातं. हे मी लेखात लिहिलं होतं, चौथ्या परिच्छेदात. आणखी एक गंमत, जी लेखात नव्हती: ऑफिसचं डोमेन 'कंपनी डॉट लोकल' असं काहीतरी ठेवलेलं असेल आणि लिनक्सवर अवाही हा प्रोग्रॅम आणि त्याचं एमडीएनएसचं (मल्टिकास्ट डीएनएस, म्हणजे डीएनएस सर्व्हरशिवाय जवळच्या मशीननाच नाव विचारणं) मॉड्यूल बसलेलं असेल, तर बऱ्याचदा डॉट लोकलचं नाव डीएनएसला विचारलंच जात नाही, कारण डॉट लोकल हे २०१३ पासून मल्टिकास्ट डीएनएससाठी राखीव आहे. तुमचं डीएनएस एकदम व्यवस्थित, एनएसलुकअप हसत उत्तर देतंय, आणि ओरॅकल म्हणतंय होस्ट सापडत नाही. मग काय करणार तुम्ही?

इन्स्टॉलच्या आधीच हे का करायचं, हा खरा प्रश्न होता आणि त्यावर तुम्ही एक अक्षर लिहिलेलं नाही. ओरॅकलचा इन्स्टॉलर मशीनला विचारतो तुझं नाव काय, आणि जे उत्तर येईल ते लिस्नर डॉट ओरा मध्ये, म्हणजे लिस्नरच्या (डेटाबेसकडे बाहेरून येणाऱ्या जोडण्या घेणारा प्रोग्रॅम) सेटिंगच्या फाइलमध्ये, लिहून मोकळा होतो. लिनक्स टाकताना कोणी नाव दिलं नाही आणि ते लोकलहोस्ट डॉट लोकलडोमेन असंच राहिलं, तर तिथे 'होस्ट' समोर लोकलहोस्ट येतं. लिस्नर सुरू होतो, सर्व्हरवर बसून जोडलं की झकास जोडतं, इन्स्टॉल करणारा खूश होऊन घरी जातो. दुसऱ्या दिवशी अकाउंट्सच्या पीसीवरून एरर, टीएनएस-१२५४१, नो लिस्नर. कारण लिस्नर फक्त १२७.०.०.१ च्या (मशीनचा स्वतःशीच बोलायचा पत्ता) १५२१ पोर्टवर कान लावून बसलाय, बाहेरचं त्याला ऐकूच येत नाही. 'एसएस' कमांडने ऐकणारे पोर्ट बघितले की लगेच दिसतं, पण बघतो कोण, आधी केबल बदलून होते, मग स्विच.

ई-बिझनेस सूट (ओरॅकलचं ईआरपी) असेल तर हे नाव कॉन्टेक्स्ट फाइलमध्ये, म्हणजे सेटिंग्जच्या मुख्य फाइलमध्ये जातं, तिथून आणखी ढीगभर फाइलींमध्ये. एकदा सातबाऱ्यावर चुकीचं नाव चढलं की नंतर तलाठ्याकडे ज्या खेपा घालाव्या लागतात तसलाच प्रकार, त्या सगळ्या फाइली नव्याने लिहायला ऑटोकॉन्फिग चालवा, नाहीतर सरळ क्लोन करा. म्हणूनच ई-बिझनेस सूट १२.२ साठी ओरॅकलच्या लिनक्सवरच्या इन्स्टॉलेशन डॉक्युमेंटमध्ये होस्ट्स फाइलची ओळ कशी हवी ते दिलेलं आहे: आधी आयपी, मग डोमेनसकट पूर्ण नाव, मग छोटं नाव. म्हणजे १९२.१६८.१०.२०, पुढे ईआरपीडीबी.कंपनी.लॅन, पुढे नुसतं ईआरपीडीबी. क्रम महत्त्वाचा, कारण 'होस्टनेम' कमांडला एफ लावून विचारलं की आयपीनंतरचं पहिलं नाव पूर्ण नाव म्हणून परत येतं. आणि १२७.०.०.१ च्या ओळीत फक्त लोकलहोस्टची नावं, आपल्या मशीनचं नाव तिथे घुसवायचं नाही. डेबियन-उबुंटूवर नाव १२७.०.१.१ समोर लिहिलेलं असतं, तेही काढून खऱ्या आयपीसमोर न्यायचं. हा जर नव्वद सालचा सल्ला असेल तर तो ओरॅकलला कळवा, मला कशाला.

एक उदाहरण देतो. भोसरीतला एक कारखाना, नाव सांगत नाही. माझ्या आधीच्या व्हेंडरने तुमच्याच विचारांचं काम केलेलं, होस्ट्स फाइल 'क्लीन', सर्व्हरचं नाव राउटरमध्ये लोकल एन्ट्री म्हणून, आयपी राउटरवर रिझर्व्ह. छान चाललं होतं. मग एका गुरुवारी, भोसरीत गुरुवारी लाइट नसते हे इकडच्यांना माहितीय, सगळं बंद होतं त्याच दिवशी इंटरनेटवाल्याचा मुलगा येऊन जुना राउटर काढून नवीन लावून गेला. संध्याकाळी लाइट आली, सर्व्हर चालू झाला, आयपी भलताच मिळाला, नावाची एन्ट्री नाही, लिस्नर उठेना, एरर टीएनएस-१२५४५, म्हणजे होस्टच सापडत नाही. गेटवर माल भरलेल्या गाड्या उभ्या, इनव्हॉइस निघत नाही म्हणून ई-वे बिल नाही, आणि डिस्पॅचचे साहेब मला फोनवर विचारतायत, "अहो, राउटर बदलला तर ओरॅकल कसं बंद पडेल?" आयपी सर्व्हरवरच स्टॅटिक केला, होस्ट्समध्ये एक ओळ लिहिली, गाड्या निघाल्या. एवढंच. यात तुमच्या रिझर्व्हेशनचं उत्तरही आलं, त्यावर वेगळं लिहीत नाही.

फायरवॉलचं तुमचं म्हणणं मात्र मान्य, तो भाग तोकडा झालाय. फायरवॉल-सीएमडी या कमांडला 'परमनंट' लावून १५२१ पोर्ट उघडला तरी 'रीलोड' केल्याशिवाय चालू फायरवॉलमध्ये तो नियम येत नाही, ही ओळ आज लेखात टाकलीय. त्याबद्दल धन्यवाद, मनापासून.

१३ अक्षरांचं म्हणाल तर लिनक्सला ६४ चालतात, एसएपीला (हे दुसऱ्या कंपनीचं ईआरपी) १३ च चालतात, आणि अंडरस्कोअर चालत नाही. 'एसएपी टाकणार असाल तर' असं वाक्याच्या सुरुवातीलाच लिहिलं होतं. घाईत राहिलं असेल वाचायचं.

क्लाउड हा त्या लेखाचा विषयच नव्हता. तिथे क्लाउड-इनिट (क्लाउडवरच्या मशीनची सुरुवातीची सेटिंग करणारा प्रोग्रॅम) रीबूटला होस्ट्स फाइल पुन्हा लिहू शकतो, तेवढी सेटिंग बघून घ्या, बाकी तुम्हाला क्लाउडवर लिहायचं असेल तर ब्लॉग उघडायला पैसे लागत नाहीत.

नवीन मुलांच्या दिशाभुलीची एवढी काळजी आहे तर असं करा. तुम्ही स्वतः बसवलेला एखादा ओरॅकल सर्व्हर असेलच, त्यातली होस्ट्समधली त्या सर्व्हरच्या नावाची ओळ काढा, क्लायंटच्या चालू सर्व्हरवर नको, टेस्टवर करा, राउटर बंद ठेवून मशीन रीबूट करा आणि 'लिस्नर कंट्रोल'चं स्टेटस काय येतं ते इथे खाली पेस्ट करा. मशीनचं नाव आणि आयपी खोडून टाका म्हणजे झालं. तुमची आधीची कमेंट मी डिलीट केलेली नाही, ही पण करणार नाही.