खुलासा : महागड्या फ्यूजने अॅम्प्लिफायरचा आवाज सुधारत नाही

गणेशोत्सवाच्या तोंडावर मालवण-वेंगुर्ले भागातील भजनी मंडळांच्या ग्रुपवर एक संदेश फिरत आहे : अॅम्प्लिफायरचा साधा फ्यूज काढून सोन्याचा मुलामा दिलेला महागडा फ्यूज त्यावर छापलेल्या बाणाच्या दिशेने बसवला, की पखवाज खणखणीत आणि पेटी मोकळी ऐकू येते. हे खरे नाही.

फ्यूज म्हणजे प्रमाणाबाहेर प्रवाह वाहिल्यास वितळणारी बारीक तार. मुख्य फ्यूज वीज आत येते त्या वाटेवर असतो. गाण्याचा सिग्नल त्याच्यातून जातच नाही. शिवाय आपली वीज ५० हर्ट्‌झची, म्हणजे प्रवाह सेकंदाला १०० वेळा दिशा बदलतो, त्यामुळे बाणाला अर्थ उरत नाही.

फरक जाणवल्याचे सांगणारे खोटे बोलतात, असे मी म्हणणार नाही. आमच्या मंडळातही फ्यूज बदलल्यावर खरखर थांबली होती. पण होल्डर नीट पाहिला तेव्हा खाऱ्या हवेने त्याच्या पितळी पकडीवर हिरवट थर चढलेला दिसला, आणि नवा फ्यूज सरकवताना तो जागोजागी खरवडला गेला होता. पकड स्वच्छ करून जुनाच फ्यूज परत बसवला, तरी खरखर आली नाही.

फ्यूज बदलायचाच झाल्यास प्लग काढून, यंत्रावर छापलेल्याच अँपिअरचा आणि प्रकारचा घ्यावा. जास्त अँपिअरचा घातल्यास बिघाडाच्या वेळी तो वितळणार नाही आणि आग लागू शकते. मंडळाची वर्गणी महागड्या फ्यूजमध्ये घालवू नये. कृपया तो संदेश पुढे पाठवू नका, आणि पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.