डॉलरची कमाई करमुक्त नसते, आणि ती ‘कौटुंबिक मदत’ तर नसतेच

परदेशी क्लायंटकडून परकीय चलनात येणाऱ्या मोबदल्यावर भारतात कर लागत नाही, असे छातीठोकपणे सांगणारा एक लांबलचक संदेश व्हॉट्सॲपवर फिरत आहे. पैसे देणारा परदेशी असल्यामुळे उत्पन्नही परदेशी ठरते. पैसे परदेशी वॉलेटमध्येच ठेवले तर ते भारतात ‘आलेच नाहीत’ असे धरले जाते. बँकेने कारण विचारलेच तर ‘कुटुंबाचा निर्वाह’ असे सांगावे. निर्यात असल्यामुळे जीएसटीशी काही संबंध नाही. परदेशात कर कापला गेला की इथले काम संपले. आणि ‘शून्य कमिशन’ असलेली सेवा निवडली की पूर्ण रक्कम हाती येते, असा त्याचा गोषवारा आहे. माझी भाची घरी बसून परदेशी प्रकाशकांसाठी चित्रे काढते. तिने हा संदेश ‘मामा, हे खरं आहे का?’ एवढेच विचारून मला पाठवला, तेव्हा बँकेच्या फॉर्मवर निर्वाहाचा पर्याय निवडूनही झाला होता. म्हणून हे सविस्तर लिहिणे भाग पडले.

पहिल्या दोन दाव्यांना प्राप्तिकर कायद्याचे एकच कलम पुरेसे आहे. १९६१ च्या कायद्यातील कलम ५ नुसार निवासी करदात्याच्या एकूण उत्पन्नात भारतात मिळालेले, भारतात उद्भवलेले आणि भारताबाहेर उद्भवलेले असे तिन्ही प्रकारचे उत्पन्न धरले जाते. यातील तिसरा प्रकार वाचल्यावर वॉलेटची युक्ती तिथेच संपते, कारण पैसे कुठे ठेवले आहेत यावर करदायित्व अवलंबूनच नाही. १ एप्रिल २०२६ पासून या कायद्याची जागा २०२५ च्या नव्या कायद्याने घेतली असली, तरी हे तत्त्व तसेच राहिले आहे. शिवाय भारतात बसून काम केले असेल, तर ते उत्पन्न ‘परदेशी’ असल्याचा युक्तिवादच मुळात लंगडा आहे. जो खरोखर अनिवासी आहे, त्याची गोष्ट वेगळी. बहुधा त्याच्यासाठी असलेला नियम कोणीतरी उचलून सगळ्यांच्या माथी मारला असावा. वॉलेटबद्दल आणखी एक गोष्ट सांगायला हवी. परदेशी वित्तसंस्थांमधील खात्यांची माहिती देशादेशांत आपोआप देवाणघेवाण करण्याच्या व्यवस्थेत भारत २०१७ पासून सहभागी आहे, त्यामुळे ‘कोणाला कळणार?’ हा प्रश्न आता जुना झाला आहे.

कर कमी करण्याचा सरळ मार्ग कायद्यातच असताना हे संदेश त्याविषयी चकार शब्द काढत नाहीत, याचे मला नवल वाटते. माहिती तंत्रज्ञान, वास्तुरचना, तांत्रिक सल्ला अशा ठरावीक व्यवसायांना जुन्या कायद्याच्या कलम ४४एडीए ने एकूण जमेपैकी निम्मी रक्कम नफा म्हणून दाखवण्याची मुभा दिली होती. तिची मर्यादा ५० लाख रुपये होती, आणि रोखीची जमा ५ टक्क्यांपेक्षा जास्त नसेल तर ७५ लाख. या यादीत प्रत्येक चित्रकार किंवा यूट्यूबर बसतोच असे नाही, त्यामुळे ते आधी तपासून पाहावे.

आता त्या निर्वाहाच्या सल्ल्याकडे वळू, कारण सर्वांत जास्त नुकसान तोच करतो. परदेशातून रक्कम आली की बँक तिचे कारण विचारते आणि त्यानुसार रिझर्व्ह बँकेने ठरवून दिलेला पर्पज कोड लावते. पी १३०१ हा कोड अनिवासी भारतीयांनी कुटुंबाच्या निर्वाहासाठी आणि बचतीसाठी पाठवलेल्या रकमांसाठी आहे, पी १३०२ वैयक्तिक भेटी आणि देणग्यांसाठी आहे, तर सॉफ्टवेअर सल्ल्यासाठी पी ०८०२, व्यवस्थापन सल्ल्यासाठी पी १००६ असे सेवांचे कोड वेगळे आहेत. हा कोड म्हणजे फॉर्म भरताना समोर येणारी एखादी बिनमहत्त्वाची यादी नव्हे. व्यवहार कशाचा आहे याविषयी तुम्ही बँकेला दिलेले ते निवेदन असते, आणि पुढे बँक रक्कम मिळाल्याचा जो दाखला देते त्यावर तेच कारण छापून येते.

समजा, एखाद्याने ५०० डॉलरचे इन्व्हॉइस पाठवले आणि रक्कम आल्यावर ‘निर्वाह’ निवडले. इन्व्हॉइस सांगते की हा कामाचा मोबदला आहे, क्लायंटच्या हिशेबात तो कंत्राटी खर्च म्हणून नोंदला गेला आहे, आणि बँकेचा दाखला मात्र सांगतो की कोणीतरी घरखर्चाला हातभार लावला. प्राप्तिकर विभागाने नोटीस पाठवली, तर यातला कोणता कागद पुढे करायचा? बरे, ती रक्कम भेट म्हणून दाखवली तरी सुटका होत नाही. भेट करमुक्त असते ती नातेवाइकांकडून आलेली, आणि नातेवाईक कोण हे कायद्याने नावे घेऊन सांगितले आहे. इतरांकडून वर्षभरात ५०,००० रुपयांपेक्षा जास्त आले, तर सगळी रक्कम करपात्र होते. परदेशातील कंपनी कोणाची आत्या किंवा मावशी होऊ शकत नाही, तेव्हा ज्याने कामाच्या मोबदल्याला भेट म्हटले त्याला कर भरावाच लागतो आणि संगणक, सॉफ्टवेअर, इंटरनेट या खर्चांची वजावटही हातची जाते. चुकीची माहिती देऊन उत्पन्न दडवल्यास कराच्या दुप्पट दंडाची तरतूद आहे, आणि परकीय चलन व्यवस्थापन कायद्याच्या उल्लंघनासाठी गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत दंड होऊ शकतो. कोड चुकून पडला असेल, तर इन्व्हॉइसची प्रत जोडून बँकेकडे दुरुस्तीसाठी लेखी अर्ज करावा. भाचीला मी तेच करायला लावले.

जीएसटीच्या बाबतीत मात्र, मनाविरुद्ध का होईना, अर्धी कबुली द्यावी लागते. सेवांच्या निर्यातीवर जीएसटीचा दर शून्य आहे, हे खरे आहे. पण ‘निर्यात’ ठरण्यासाठी एकात्मिक जीएसटी कायद्याने अटी घातल्या आहेत, आणि त्यांतली एक अट अशी की मोबदला परिवर्तनीय परकीय चलनात, किंवा रिझर्व्ह बँकेने परवानगी दिली असेल तिथे रुपयांत, मिळालेला असावा. ही अट पूर्ण झाल्याचा पुरावा म्हणजे बँकेचा तोच दाखला, ज्यावर संदेश लिहिणारा महाशय ‘निर्वाह’ लिहून घ्यायला सांगतो. एका मुद्द्यात निर्यातीचा फायदा सांगायचा आणि दुसऱ्या मुद्द्यात तिचा पुरावाच खोडून टाकायचा, हा प्रकार लिहिणाऱ्याच्याही लक्षात आलेला दिसत नाही. शिवाय दर शून्य असला म्हणून उलाढाल शून्य होत नाही. निर्यातीची रक्कम एकूण उलाढालीत धरली जाते, आणि ती बहुतेक राज्यांत २० लाखांच्या पुढे गेली की नोंदणी बंधनकारक होते. नोंदणीनंतर दर आर्थिक वर्षासाठी एलयूटी हे हमीपत्र द्यावे लागते. ते दिले नाही, तर आधी कर भरून मागाहून परतावा मागत बसावे लागते.

परदेशात कापलेल्या कराची वजावट मिळते, याचा अर्थ इथला कर माफ होतो असा नाही. यूट्यूबच्या कमाईतील अमेरिकी प्रेक्षकांमुळे मिळणाऱ्या भागावर, करविषयक माहिती भरून दिली असेल, तर भारत-अमेरिका करारानुसार १५ टक्के कर कापला जातो. त्याच भागावर इथे ३० टक्के कर बसत असेल, तर उरलेला भारतात भरायचा. इथला कर ५ टक्केच असेल, तर सवलतही ५ टक्क्यांपुरतीच मिळते.

राहिले ते शून्य कमिशन. सेवा देणारा कमिशन घेत नसेल, तर बहुतेक वेळा तो विनिमय दरात आपला वाटा काढतो. बाजारभावापेक्षा दोन रुपये कमी दर दिला, तर १,००० डॉलरवर २,००० रुपये गेले, आणि पावतीवर ‘शुल्क: ०’ असे लिहिलेले असते. वाटेतल्या मध्यस्थ बँकाही काही डॉलर कापून घेतात. अशा वेळी इन्व्हॉइस १,००० डॉलरचे आणि खात्यात आलेले ९७५ असतील, तरी हिशेबात जमा १,००० चीच धरायची आणि उरलेले २५ डॉलर बँक शुल्क म्हणून खर्चात दाखवायचे.