‘टाटानगर’ रणगाडा नव्हता आणि टाटा मोटर्सचाही नव्हता

‘दुसऱ्या महायुद्धात टाटा मोटर्सने “टाटानगर” हा संपूर्ण स्वदेशी रणगाडा बनवला, त्याच्यावर तोफगोळेही आपटून परत जात, जर्मन सेनापती रोमेलचं सैन्य तो पाहून पळत सुटे.’ हा मजकूर कितीदा खोडला तरी फिरतोच आहे. आता भाचीने तो शाळेतल्या भाषणासाठी वहीत उतरवून घेतलाय, म्हणून मुद्देसूद लिहितो.

टाटा मोटर्स, म्हणजे पूर्वीची टेल्को, स्थापन झाली १९४५ साली. रोमेलचं आफ्रिकेतलं युद्ध मे १९४३ मध्येच संपलं होतं. रोमेलचा विषय इथेच मिटला.

रणगाडा? ‘टाटानगर’ गाडीचं अधिकृत नावच ‘आर्मर्ड कॅरिअर, व्हील्ड, इंडियन पॅटर्न’, म्हणजे चाकांची चिलखती गाडी, भारतीय नमुना. चार चाकं, एक ब्रेन गन (हलकी मशीनगन), एक बॉईज रायफल (रणगाडाविरोधी). काम टेहळणीचं.

संपूर्ण स्वदेशी? चासी आणि ९५ अश्वशक्तीचं व्ही-८ इंजिन कॅनडाच्या फोर्डचं.

तोफगोळ्यांची थाप मात्र संतापजनक आहे. चिलखत जास्तीत जास्त १४ मिलिमीटर, करंगळीच्या रुंदीएवढं. रायफलची गोळी आणि गोळ्याच्या किरच्या अडवायला ते होतं. ३७ मिलिमीटरच्या तोफेचा गोळा त्यातून आरपार जातो. मग जाड का नाही केलं? १४ मिलिमीटर जाडीच्या एका चौरस मीटर प्लेटचं वजनच ११० किलो. जाडी दुप्पट केली की २२०. ट्रकच्या चासीवर एवढा बोजा टाकला की आधी स्प्रिंगा बसतात, मग टायर रेतीत रुततात आणि इंजिन तापतं. तेवढ्याशा पत्र्याआड बसून आपले जवान शत्रू हुडकायला पुढे जात. त्यांना अभेद्य पेटीत बसवणं हा त्यांच्या धाडसाचा अपमान आहे.

एक गोष्ट मान्य करावीच लागेल. चिलखती पोलाद खरोखर जमशेदपूरचं, टिस्कोचं, म्हणजे आजच्या टाटा स्टीलचं. ‘टाटानगर’ हे तिथल्याच रेल्वे स्थानकाचं नाव. आणि ते काम सोपं नव्हे. चिलखती प्लेट लालबुंद तापवून विझवायची, मग पुन्हा बेताच्या आचेवर नरमवायची. पाणी, म्हणजे कडकपणा, कमी बसलं तर गोळी घुसते, जास्त बसलं तर प्लेट तडकते. विझवताना तिला पीळ पडला तर आधी पाडलेली भोकं सांगाड्याशी जुळत नाहीत, आणि कडक झालेल्या प्लेटवर ड्रिलचं बिट टिकत नाही. अशा साडेचार हजारांहून जास्त गाड्या १९४० ते १९४४ मध्ये भारतात उभ्या राहिल्या. भाषणात हे सांगा.